उसना खोकला

खोकल्याला आपल्याकडे कुणी कधी चांगलं म्हटलेलं नाही. पोर खोकलं की आई आधी 'काय खाल्लंस?' म्हणून दरडावते, मग अडुळसा, ज्येष्ठमध, मध-सुंठ. जुन्या सिनेमात नायकाची आई खोकली, की पुढच्या पंधरा मिनिटांत तिचा फोटो हार घालून भिंतीवर लागणार हे आपण थिएटरात बसल्या बसल्या ओळखायचो. खोकला जावा म्हणून धडपडणारेच आपण सगळे. खोकला यावा म्हणून देवाला हात जोडायची वेळ कुणावर येते, हे मला २०१२ सालापर्यंत ठाऊक नव्हतं. आणि मी तर शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेलं!

माझं माहेर निमोणे, तालुका शिरूर. आमच्याकडची जुनी माणसं अजून शिरूरला 'घोडनदी'च म्हणतात. पाऊस बेताचा, बाजरी-ज्वारीचा भाग. घोड धरणाचं पाणी आलं तिथे ऊस आला, पण बांधावरची चिंचेची झाडं मात्र जुनीच. फेब्रुवारी-मार्चमध्ये चिंचा झोडपायच्या, घरातल्या बायकांनी ओट्यावर बसून फोडायच्या, हे दरवर्षीचं. २०१२ च्या फेब्रुवारीत दादा, माझा थोरला भाऊ, असाच चिंचेवर चढला होता. लहानपणापासून चढत आलेलं झाड. फांदी मोडली आणि तो मानेवर आला.

तेव्हा १०८ ची गाडी आपल्याकडे नव्हती. ती सेवा महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली. शेजारपाजारच्यांनी दादाला खांद्याखाली आणि गुडघ्याखाली हात घालून उचललं, जीपच्या मागच्या सीटवर बसवलं आणि मान छातीवर पडलेल्या अवस्थेत दवाखाना गाठला. सगळे जिवाच्या आकांताने धावले, कुणाला बोल लावणार? पण ज्याला मान किंवा पाठ लागली असेल त्याला असं बसवायचं नसतं, मान-पाठ एका रेषेत ठेवून सपाट फळीवर, सगळ्यांनी मिळून एकदम उचलायचं असतं, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. विज्ञानाच्या बाईंनासुद्धा.

मानेतल्या पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जू चेचला गेला होता. खांदे हलत, कोपर दुमडत, बोटं मात्र नाहीत. छातीपासून खाली काहीच नाही. पुण्यातल्या एका हॉस्पिटलात अडीच महिने काढून दादा मे महिन्यात घरी आला, तेव्हा निघताना आम्हाला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते सांगितलं, लघवीच्या नळीचं सांगितलं, गोळ्यांचा कागद दिला. खोकल्याबद्दल कुणी एक शब्दही सांगितला नाही.

त्या वर्षी पाऊस रुसलेलाच होता. पण जुलैतली ती ढगाळ, दमट हवा होती. घरात एका पोराला सर्दी झाली, तिच्यामागून दादाला. मी सुट्टी म्हणून दोन दिवस गेले होते. रात्री एकच्या सुमारास वहिनींच्या हाकेने जागी झाले. दादाच्या घशातून घर्र घर्र असा आवाज येत होता, उकळत्या पाण्यासारखा. डोळे मोठे झालेले, ओठ हलतायत पण शब्द नाही. वहिनी त्याची पाठ थोपटत होत्या, छातीला तेल चोळत होत्या आणि एकच म्हणत होत्या, "अवं खोका की! जोरानं खोका की एकदा!" तो खोकायचा प्रयत्न करत होता. नुसतं 'हं... हं...' एवढंच बाहेर येत होतं. आरशावर वाफ धरायला आपण जेवढा श्वास सोडतो ना, तेवढं. ओठ निळे पडायला लागले तेव्हा पुन्हा जीप, पुन्हा शिरूर. तिथल्या डॉक्टरांनी नळी घालून कफ ओढून काढला, आणि माझा भाऊ वाचला. नंतर पुण्यात पंधरा दिवस न्यूमोनियासाठी.

तिथे एक फिजिओथेरपिस्ट मुलगी भेटली. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिने आम्हाला पहिल्यांदा समजावलं की खोकला हे नुसतं घशाचं काम नाही, ते पोटाचं काम आहे.

खोकल्याचे तीन भाग असतात. आधी आपण खोल श्वास घेतो. मग घशातलं दार क्षणभर घट्ट बंद होतं. आणि मग पोटाचे आणि फासळ्यांमधले स्नायू आतून जोरात आवळतात, दार उघडतं, आणि हवा सुसाट बाहेर पडते, वाटेत जे असेल ते घेऊन. लोहाराचा भाता डोळ्यांपुढे आणा. भाता फुगतो आणि कुणीतरी तो दाबतो, तेव्हा निखारा फुलतो. दादाचा भाता फुगत होता. कारण श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या त्या मोठ्या पडद्याच्या नसा मानेत बऱ्याच वर, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवर निघतात. त्या बऱ्याचशा वाचल्या होत्या. पण भाता दाबणाऱ्या पोटाच्या स्नायूंच्या नसा निघतात छातीच्या मणक्यांपाशी, म्हणजे इजेच्या खाली. मेंदूचा निरोप तिथवर पोचतच नव्हता. दाबणारा हातच गेलेला.

म्हणून मान मोडलेली माणसं पुष्कळदा पडल्यामुळे जात नाहीत, नंतर कफामुळे जातात. मज्जारज्जूच्या इजेनंतर मृत्यूच्या मोठ्या कारणांमध्ये श्वसनाचे आजार आजही आहेत. साधी सर्दी, तुमच्या-आमच्या दृष्टीने चार दिवसांची कटकट.

"दादांचा हात गेलाय, तर तुमचा हात द्यायचा," ती मुलगी वहिनींना म्हणाली, आणि तिने शिकवलं. माणसाला उताणं किंवा टेकून बसतं करायचं. तळहात बेंबीच्या वर, फासळ्यांच्या खाली ठेवायचे. छातीच्या मधल्या हाडाच्या टोकावर नाही. त्याने खोल श्वास घ्यायचा, तीन म्हणताच त्याने खोकायचं आणि त्याच क्षणी आपण आत आणि वर, असा झटक्यात दाब द्यायचा. वेळ साधली तर खोकला होतो, चुकली तर नुसतं पोट दाबलं जातं. जेवल्यावर लगेच नाही. फासळी मोडलेली असेल, इजा ताजी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. आणि वाचून नाही शिकायचं, शिकलेल्या माणसाचा हात आपल्या हातावर ठेवून शिकायचं. हे मी इथे मुद्दाम लिहितेय, कारण उद्या कुणी पेपर समोर ठेवून कुणाचं पोट दाबायला जाऊ नये.

वहिनी तिसऱ्या दिवशी शिकल्या. चौथ्या दिवशी दादाने, पाच महिन्यांनी, पहिला खराखुरा खोकला काढला. वॉर्डातल्या बाया वळून बघायला लागल्या, कारण खोकल्याबरोबर आमच्या वहिनी हसत होत्या आणि रडतही होत्या.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक नवीन क्रियापद आलं, 'खोकवणं'. "जरा थांबा, ह्यांना खोकवते आणि येते." "सकाळचं खोकवून झालंय, आता भाकरी टाकते." बाजरीचं पीठ मळणारे तेच तळहात. सकाळी उठल्यावर, दुपारी, रात्री झोपताना, आणि सर्दी असेल तर रात्रीतून चार-पाच वेळा.

त्या फिजिओथेरपिस्टशी माझी ओळख टिकली. एकदा मी तिला विचारलं, "आता हार्टला पेसमेकर बसवतात, तसं यावर काही यंत्र नाही का निघालेलं?" तिने मला एका इंग्रजी जर्नलमधल्या लेखाची झेरॉक्स दिली. जाडजूड भाषा, पण चिकाटीने वाचली आणि मग त्या विषयामागेच लागले.

अमेरिकेत ओहायो राज्यात क्लीव्हलँड नावाचं शहर आहे. तिथल्या मेट्रोहेल्थ हॉस्पिटलात आणि केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात डॉ. अँथनी डिमार्को आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं याच एका प्रश्नावर काम करत आले. त्यांचा विचार साधा आहे. इजेच्या खालचा मज्जारज्जू मेलेला नसतो, तिथून पोटाकडे जाणाऱ्या नसाही धडधाकट असतात. नुसता वरून निरोप येत नाही. तर तो निरोप आपणच खाली नेऊन द्यावा. मग त्यांनी पाठीच्या खालच्या भागात मज्जारज्जूच्या आवरणावर, साधारण नवव्या आणि अकराव्या छातीच्या मणक्यांच्या आणि कमरेच्या पहिल्या मणक्याच्या पातळीवर, छोट्या चकत्यांसारखे इलेक्ट्रोड बसवले. त्यांच्या तारा कातडीखालून एका लहानशा रिसीव्हरला जोडल्या. बाहेर हातात किंवा खुर्चीवर एक डबी. डबीचं बटण दाबलं की कातडीखाली विजेचा हलकासा झटका जातो, एखाद सेकंद, आणि पोटाचे, फासळ्यांचे सगळे स्नायू एकदम आवळतात. माणूस त्याच वेळी खोकतो. झाला खोकला!

२००६ साली त्यांनी हे पहिल्यांदा प्रसिद्ध केलं आणि २००९ साली नऊ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. या लोकांना स्वतःहून खोकताना जेमतेम जो दाब निर्माण करता येत होता, तो या विजेच्या मदतीने कितीतरी पटींनी वाढला, धडधाकट माणसाच्या जोरदार खोकल्याच्या जवळ गेला. छातीचे संसर्ग वर्षाला माणशी सरासरी दोन होत, ते एकाहून खाली आले. नुकसान? काहींचे पाय त्या झटक्याबरोबर थोडे उडत, काहींचा रक्तदाब सुरुवातीला वाढे, सवयीने ते कमी झालं. पण मला जो आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो निराळाच होता. कफ काढण्यासाठी या लोकांना दुसऱ्या शिकवलेल्या माणसाची मदत आठवड्यातून सरासरी सोळा-सतरा वेळा लागायची. काही महिन्यांनी ती जवळजवळ लागेनाशी झाली.

त्या झेरॉक्सा घेऊन मी निमोण्याला गेले. दादा पडवीत खुर्चीवर बसलेला, वहिनी शेजारी लसूण सोलत. मी शाळेत शिकवायचे तसं फळ्यावर नाही, पण हातवारे करून सगळं सांगितलं. दादा ऐकत होता. मग म्हणाला,

"म्हंजी विहिरीवरची मोटर चांगली हाय. खांबावरची तार तुटलीय, एवढंच ना?"

मी बघतच राहिले. इतकी वर्षं मुलांना मज्जासंस्था शिकवली, पण इतकं सोपं मला कधी सुचलं नव्हतं.

"अगदी बरोबर," मी म्हटलं. "आणि ते लोक तार जोडत नाहीत. ती जोडणं अजून कुणाला जमलेलं नाही. ते मोटरच्या शेजारी नवा स्टार्टर बसवतात."

"आता मोबाइलवरनं मोटर चालू हुती तसं."

"तसंच."

वहिनी लसूण सोलायच्या थांबल्या होत्या. "आठवड्याला सतरा वेळा?" त्या म्हणाल्या. "आमचं तर दोन दिवसांत हुतं तेवढं." आणि मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "म्हंजी बटण दाबलं की ह्यांचं हेच खोकणार? मला हाक न मारता?"

त्यांच्या आवाजात काय होतं ते मला त्या दिवशी पुरतं कळलं नाही. मी पुढचं खरं ते सांगून टाकलं, की हे अजून संशोधनातच आहे, फार थोड्या लोकांवर झालंय, पाठीवर ऑपरेशन करावं लागतं, दवाखान्यात जाऊन 'आम्हाला बसवा' म्हणावं अशी ही गोष्ट अजून झालेली नाही. दादा म्हणाला, "असू दे. निघालंय तर कधीतरी हिकडं पण यील." आणि विषय पिकाकडे वळला.

मी मात्र वाचत राहिले. विजेने श्वास चालवण्याचा उद्योग जुना आहे. श्वासपटलाच्या नसेला विजेचे ठोके देऊन श्वास चालवण्याचं काम अमेरिकेत डॉ. विल्यम ग्लेन यांनी १९६० च्या दशकातच सुरू केलं होतं. सुपरमॅनचं काम करणारा ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडला, त्याची मान अगदी वरच मोडली. त्याच्या श्वासपटलात २००३ साली क्लीव्हलँडलाच असे इलेक्ट्रोड बसवले, आणि व्हेंटिलेटर बाजूला ठेवून तो काही तास श्वास घेऊ लागला. पण श्वास आत घेणं निराळं आणि खोकून बाहेर टाकणं निराळं. भाता फुगवण्याचं यंत्र आधी निघालं, दाबण्याचं मागून.

ऑपरेशनशिवायचा रस्ताही शोधला जातोय. पोटाच्या कातडीवर पट्ट्या चिकटवून बाहेरूनच स्नायूंना वीज द्यायची. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की या पट्ट्या पोटाच्या मागच्या-बाजूच्या भागावर लावल्या तर खोकल्याचा जोर वाढतो. आणि गंमत अशी, की १९९३ साली अमेरिकेत एका डॉक्टरांनी मान मोडलेल्या रुग्णांमध्ये कातडीवरची वीज आणि माणसाच्या हाताचा दाब यांची तुलना केली होती, तर हात विजेला हरला नव्हता! हे मी वहिनींना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "हाताला लाइट जायची भ्या नसती."

इथे एक सावधगिरीची गोष्ट. फिजिओथेरपीच्या दुकानात स्नायूंना वीज देणारी लहान यंत्रं मिळतात, ती आणून घरीच पोटावर लावू नका. ज्या कातडीला संवेदना नाही तिथे भाजलेलं कळत नाही. आणि छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असेल तर अशा झटक्याने रक्तदाब एकाएकी भयंकर चढू शकतो, डोकं ठणकायला लागतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. हे जिवावर बेतू शकतं. जे करायचं ते डॉक्टरांसमोर.

आज मिळण्यासारखं काय आहे? वहिनींचा हात आहे. फुगा दाबून हवा भरण्याची अँबू बॅग आहे, तिने छाती आधी नीट भरून घेतली की मग दाबलेला खोकला दुप्पट कामाचा होतो. कफ ओढणारं सक्शन मशीन आहे. आमच्यासारख्या लोडशेडिंगच्या भागात पायाने चालणारंही घरात असावं. आधी दाबाने हवा भरून लगेच ओढून घेणारं, म्हणजे यंत्रानेच खोकला काढणारं 'कफ असिस्ट' मशीन आहे, पण त्याची किंमत लाखांच्या घरात. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी आहेत, त्या डॉक्टरांना विचारून जरूर घ्याव्यात. पाणी भरपूर पाजावं, म्हणजे कफ घट्ट होत नाही. आणि सर्दी झालेल्या पाहुण्याला न लाजता सांगावं, बाबा रे, बरा होऊन ये. २०२० मध्ये करोना आला तेव्हा वहिनींनी रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या स्वतःच्या मुलालासुद्धा चार महिने गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं होतं. ताट उंबऱ्यावर.

आपल्या महाराष्ट्रात या इजेनंतर उभी राहिलेली, म्हणजे खुर्चीवर बसून उभी राहिलेली, माणसं कमी नाहीत. १९६५ च्या युद्धात पाठीच्या कण्यात गोळी रुतलेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. वयाच्या सोळाव्या वर्षी पाय गेलेल्या कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. त्यांचं 'चाकाची खुर्ची' मी वहिनींना वाचून दाखवलं आहे. पॅराग्लायडिंगच्या अपघातानंतर डॉ. केतना मेहता यांनी २००१ मध्ये मुंबईत 'नीना फाउंडेशन' सुरू केलं. पुण्यात खडकीला सैनिकांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था आहे. या सगळ्यांबद्दल लिहिलं जातं, जायलाच हवं. पण प्रत्येक चाकाच्या खुर्चीमागे एक बाई उभी असते, आई, बायको, बहीण नाहीतर मुलगी. तिच्याबद्दल सांगायला मला एक प्रसंग आठवावा लागतो, आणि त्यात माझीच मान खाली जाते.

वहिनींचं माहेर दौंडकडचं. २०१८ मध्ये त्यांची आई अंथरुणाला खिळली. सारखा निरोप यायचा, लेकीला एकदा चार दिवस पाठवा. वहिनी सकाळी जायच्या आणि अंधार पडायच्या आत परत. "रातीला ह्यांना लागलं तर?" आईने एकदा हात धरून म्हटलं, आज राहा. त्या राहिल्या नाहीत. त्याच रात्री आई गेली. मातीला वहिनी पोचल्या, आणि दहाव्यापर्यंत न थांबता त्याच संध्याकाळी परतल्या, कारण त्या आठवड्यात दादाला कफ झालेला होता. घरी येऊन आंघोळ केली आणि आधी त्याला खोकवलं.

हे मला खूप दिवसांनी कळलं, तेही वहिनींकडून नाही, दादाकडून. "तुझ्या वहिनीला माझ्यापायी आईपाशी राहता आलं न्हाई," तो म्हणाला, आणि त्या झेरॉक्सांच्या दिवशी वहिनींनी विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडल्यासारखा झाला. मला हाक न मारता? त्या यंत्राचं कौतुक करत नव्हत्या. त्या सुट्टी मागत होत्या.

क्लीव्हलँडला चौकशी करणारी मी, जर्नल वाचणारी मी, आणि दादाची सख्खी बहीण मी. दर दोन महिन्यांनी फळं घेऊन जायची, वहिनींच्या हातची भाकरी खायची, 'तुमच्यामुळेच दादा आहे हो' म्हणायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत. सहा वर्षांत तो हात मी एकदाही शिकून घेतला नव्हता. भाच्यानेही नाही. आम्हा सगळ्यांना ते वहिनींचंच काम वाटत होतं, जसा स्वयंपाक वाटतो.

त्यानंतरच्या महिन्यात मी आणि भाचा शिकलो. शिकवायला वहिनीच. माझे हात थरथरत होते. "भाकरी थापायची न्हाई, ताई. दाबायचं, अन् वर ढकलायचं," त्या सांगायच्या. पहिले दोन दिवस माझी वेळ चुकायची. मी 'तीन' म्हणायच्या आधीच दाबायचे आणि दादा हसायला लागायचा, मग खोकला बाजूलाच. तिसऱ्या दिवशी जमलं. आपल्या तळहाताखाली दुसऱ्या माणसाचा श्वास असा जोराने फुटून बाहेर जातो ना, ते सांगून समजायचं नाही.

२०१९ च्या दिवाळीत वहिनी भाऊबीजेला दौंडकडे गेल्या. पिशवी भरून दारापर्यंत जाऊन तीनदा मागे आल्या. सक्शन कुठे ठेवलंय, उशी किती उंच द्यायची, डॉक्टरांचा नंबर. सात वर्षांत पहिल्यांदा त्या दोन रात्री घराबाहेर राहणार होत्या. पहिल्या रात्री साडेनऊला फोन. "खोकवलं का?" खोकवलं म्हटलं. दहा वाजता परत. "कफ कसा हाय, पांढरा का पिवळा?" पांढरा. दुसऱ्या रात्री मात्र फोन आला नाही. मीच काळजीने केला तर भावजय म्हणाली, "त्या झोपल्यात. उठवू का?" मी म्हटलं, नको. अजिबात नको.

त्या रात्री दोनला दादाने हाक मारली. मी आणि भाचा दोघेही उठलो. त्याने अँबू दाबली, मी हात ठेवले. एक, दोन, तीन. मग पुन्हा एकदा. दादाने मान टेकली आणि म्हणाला, "तुझा हात हलका हाय. पण चालंल."

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आल्या. पिशवी ओट्यावर ठेवली, हातपाय धुतले आणि काही न बोलता आधी दादाच्या छातीला कान लावून ऐकलं. इकडून, तिकडून. आम्ही दोघं परीक्षेच्या पोरांसारखे उभे.

"साफ हाय," त्या म्हणाल्या. मग ओट्यावर बसून, पदराने तोंड पुसत, "ताई, च्या टाका की जरा."

मी चहा टाकला. क्लीव्हलँडचा स्टार्टर निमोण्याला येईल तेव्हा येईल, आणि तो यावा असं मला मनापासून वाटतं. दादासाठी, आणि वहिनींसाठी तर नक्कीच. तोवर आमच्या घरात खोकवणारे हात सहा आहेत.